थ्रेड : संगणक नव्हता, मुलाखत होती

सॉफ्टवेअर कंपनीच्या निवडपरीक्षेत स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला खरे बोलणाऱ्या आणि खोटे बोलणाऱ्या माणसांचे कोडे का घालत असत? त्याचे उत्तर शोधण्यासाठी संगणक दुर्मीळ असलेल्या मुंबईत जावे लागते.

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची स्थापना १९६८ची. तिचे सूत्रधार फकीरचंद कोहली मूळचे वीज अभियंते. टाटांच्या वीज कंपनीतून ते येथे आले. परदेशी यंत्र आणायचे तर सरकारी परवाना, जबर आयातशुल्क आणि वर निर्यातीची हमी, असा त्या काळचा खाक्या. १९७४च्या सुमारास अमेरिकेतील बरोज कंपनीचे काम मिळाले. रुग्णालयांच्या हिशेबाची एक प्रणाली बरोजच्याच दुसऱ्या प्रकारच्या संगणकावर चालेल अशी बदलून द्यायची होती. पण बरोजचे यंत्र मुंबईत पोहोचलेच नव्हते. मग येथील अभियंत्यांनी हाताशी असलेल्या आयसीएल १९०३ या ब्रिटिश यंत्रावर रूपांतराचा प्रोग्राम लिहिला. ज्या यंत्रासाठी काम, ते यंत्र समोर नसताना! पुण्यात १९८१मध्ये स्थापन झालेल्या इन्फोसिसची कथा फारशी निराळी नाही. स्वतःचा पहिला संगणक येईपर्यंत १९८३ उजाडले. तोवर तिचे अभियंते अमेरिकेत ग्राहकाच्या यंत्रावर काम करीत.

अशा काळात उमेदवाराला ‘संगणक येतो का’ असे विचारण्यात अर्थ नव्हता. संगणकशास्त्राची पदवी देणाऱ्या संस्थाही मोजक्याच. तेव्हा कंपन्यांनी तर्कबुद्धी पारखली; बाकीचे प्रशिक्षणात शिकवू, असा रोखठोक हिशेब होता. शाखा कोणतीही चाले.

यंत्रे मुबलक झाल्यावरही ही रीत टिकली, आणि येथे कोल्हापूरचा संबंध येतो. १९८३मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली. त्याच वर्षी कोल्हापुरात केआयटी स्थापन झाले. त्याचे आवार गोकुळ शिरगावला, म्हणजे करवीर तालुक्यातील गडमुडशिंगीपासून सायकलच्या अंतरावर. अभियंता होण्यासाठी पुणे-मुंबई गाठण्याची सक्ती संपली. नोकरीसाठी मात्र ती राहिली.

नव्वदच्या दशकाअखेरीस ‘वायटूके’च्या धास्तीने जुने कोबॉल प्रोग्राम तपासायला जगभर माणसे कमी पडू लागली आणि कंपन्या घाऊक भरती करू लागल्या. लेखी परीक्षेच्या तयारीची साधने विद्यार्थ्यांना तोंडपाठ होती: इन्फोसिससाठी शकुंतला देवींची कोड्यांची पुस्तके, टीसीएससाठी ‘बॅरन्स’च्या जीआरई मार्गदर्शकातील इंग्रजी शब्दयादी. झेरॉक्सचे गठ्ठे वसतिगृहांतून हातोहात फिरत.

या दोन साधनांतला फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. कोड्याची भाषा इंग्रजी असली तरी ते सोडवायला डोके पुरे. मराठी माध्यमातून आलेला मुलगा तेथे बरोबरीने उभा राहू शके. शब्दयादीतले दुर्मीळ विशेषण पाठ असणे आणि कोबॉल दुरुस्त करता येणे यांचा काडीचा संबंध नव्हता. हजारोंना चाळण्याची ती स्वस्त सोय होती, आणि तिची किंमत खेड्यातून आलेल्यांनी अधिक मोजली. त्यातूनही जे पार झाले, त्यांची पुढे महिनोन्‌महिने कंपनीच्या प्रशिक्षण केंद्रात रवानगी होई. आणि स्थापत्य वा यंत्र शाखेतल्या अनेकांनी सलग आठ तास संगणकासमोर बसण्याचा पहिला अनुभव तेथेच घेतला.