वारा, गुबारा आणि ढेकर

पोटविकारांच्या ओपीडीत बसणाऱ्या डॉक्टरच्या कानावर दिवसभर जो शब्द पडत राहतो तो म्हणजे ‘गॅस’. समोरच्या बाईला विचारावं, ‘गॅस होतो म्हणजे नेमकं काय होतं हो?’ तर कुणाचा हात छातीकडे जातो, कुणाचा बेंबीभोवती गोल फिरतो, आणि कुणी मान खाली घालून गप्पच बसते. पहिलीला ढेकरांनी हैराण केलेलं असतं, दुसरीच्या पोटाला गुबारा धरलेला असतो, तिसरीला चारचौघांत वारा सरण्याची धास्ती असते. या विषयात नव्यानं येणारा वाचक वैद्यकाचा विद्यार्थी असेल किंवा स्वतःच्या पोटानं त्रासलेला माणूस. मी त्याचं मनापासून स्वागत करतो आणि सांगतो, आधी तो हात कुठे जातो ते बघा.

ढेकरेतली हवा बहुतेक वेळा गिळलेली असते. भराभर जेवणं, घोट घोट सोडा पिणं, दिवसभर च्युइंगगम चघळणं यातून ती आत जाते. तिच्यावर चूर्णापेक्षा सावकाश जेवण्याचा उपयोग जास्त. खालून सरणारा वारा मात्र बराचसा आतच तयार होतो. लहान आतड्यात न पचलेलं अन्न मोठ्या आतड्यात पोचलं की तिथले जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही निघतो. यातल्या एकालाही वास नसतो. वास येतो तो गंधकाच्या वायूंचा, आणि ते एक टक्क्याहूनही कमी असतात.

मग ‘जास्त’ म्हणजे किती? निरोगी माणसाचाही वारा दिवसातून दहा-वीस वेळा सरतो. १९९१ साली ब्रिटनमध्ये पाच पुरुष आणि पाच स्त्रियांना नेहमीच्या जेवणाबरोबर २०० ग्रॅम बेक्ड बीन्स देऊन चोवीस तासांतला वायू मोजला. तो ४७६ ते १४९१ मिलिलीटर भरला, आणि स्त्री-पुरुषांत फरक आढळला नाही. आपल्याकडे बायका या गोष्टीची जी लाज वर्षानुवर्षं मनात बाळगतात, ती पाहिल्यावर हा शेवटचा निष्कर्ष मोठ्यानं सांगावासा वाटतो.

कडधान्यांपाशी जरा थांबू, कारण मराठी जेवण त्यांच्यावर उभं आहे. वाल घ्या. रात्री भिजत घालायचे, सकाळी पाणी ओतून द्यायचं, फडक्यात घट्ट बांधून ठेवायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा बोटांच्या चिमटीत धरून सोलायचा. साल सुटते आणि पांढरीशुभ्र डाळिंबी हातात येते. या खटाटोपात चवीपलीकडचंही काही घडतं. कडधान्यात रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा असतात. त्या तोडणारं अल्फा-गॅलॅक्टोसिडेझ हे विकर माणसाच्या लहान आतड्यात नसतं, म्हणून त्या जशाच्या तशा जिवाणूंच्या तावडीत सापडतात. भिजवल्यावर त्यांचा काही भाग पाण्यात उतरतो. मोड येताना दाणा स्वतःच ते विकर तयार करतो आणि वाढीसाठी या साखरा वापरतो. म्हणून भिजवणीचं पाणी टाकून द्यावं, आणि ज्याला उसळ बाधते त्यानं ती सोडण्याआधी चांगले मोड आणून थोडी थोडी खाऊन पाहावी.

कांदा, लसूण आणि गव्हातली फ्रुक्टन्सही अशीच न पचता पुढे जातात. दुधातली साखर मोठेपणी अनेकांना पचत नाही, पण दह्यातले जिवाणू तिचा काही भाग आधीच संपवतात, म्हणून दूध न सोसणाऱ्यालाही दही सहसा सोसतं. ऑस्ट्रेलियात पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड यांनी २००५ साली अशा पदार्थांना ‘फॉडमॅप’ हे एकत्र नाव दिलं. त्यांच्या पद्धतीत हे पदार्थ काही आठवडेच बंद ठेवायचे असतात आणि मग एकेक करून परत आणायचे असतात. आपल्याकडे पहिला भागच तेवढा ध्यानात राहतो. डाळ, उसळ, दूध सगळं बंद करून वर्षभरात खंगलेली शाकाहारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्याची चीड येते.

आता गुबाऱ्याकडे. मला या शास्त्रातला हा सगळ्यात सुंदर भाग वाटतो. मिनियापोलिसचे मायकेल लेव्हिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली ‘पोटात फार गॅस होतो’ म्हणणाऱ्यांच्या आतड्यात नळीनं आर्गॉन वायू सोडला आणि आतला सगळा वायू बाहेर ढकलून मोजला. तक्रार नसलेल्यांचाही तसाच मोजला. दोन्ही गटांत तो सरासरी २०० मिलिलीटरच्या आतच निघाला. फरक होता तो दुखण्यात: तेवढाच वायू आत सोडल्यावर रुग्णांना जास्त कळा आल्या. पुढे बार्सिलोनातल्या संशोधकांनी पोट फुगलेलं असताना सीटी स्कॅन काढले. अनेकांच्या पोटात वायू फारसा वाढलेला नव्हता. श्वासपटल खाली सरकलं होतं आणि पोटाची पुढची भिंत सैल पडली होती. या रुग्णांचं पोट खरोखर फुगतं, साडीची गाठ खरोखर घट्ट होते. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनाचं आहे’ म्हणून त्यांना परत पाठवणं चूक आहे. श्वासपटलाला वळण लावणाऱ्या श्वसनाच्या सरावानं यातल्या बऱ्याच जणांना आराम पडतो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात न रोखण्याचे तेरा वेग सांगितले आहेत, त्यात अधोवायूही आहे. दिवसभर वर्गावर उभ्या राहणाऱ्या शिक्षिकेला हे पाळणं किती अवघड जातं, हे तिला विचारल्याशिवाय कळत नाही.

काही खुणा दिसल्या तर मात्र चूर्ण बाजूला ठेवून तपासणी करावी: वजन उतरणं, शौचातून रक्त, रक्तक्षय, झोपेतून उठवणारी कळ. पन्नाशीच्या पुढच्या बाईचं पोट नव्यानं आणि रोजच फुगू लागलं तर बीजकोशाची सोनोग्राफी करून घ्यावी. आणि हात छातीकडे गेला, घाम फुटला, जबडा किंवा डावा खांदा भरून आला, तर घरात सोडा पाजत बसू नये. ‘गॅसच आहे’ म्हणत काढलेल्या त्या तासाभरात हृदयाचा स्नायू मरत असतो, आणि ईसीजी काढायला दहा मिनिटंही लागत नाहीत.