सोशिक पेट्रोलची गोष्ट

नवी मोटरसायकल शोरूममधून निघून पहिल्यांदा पंपावर उभी राहिली की मालकापुढे प्रश्न येतो: साधं भरायचं की महागातलं? नव्या गाडीला महागातलंच बरं, असं उत्तर बहुतेकांच्या मनात तयार असतं. कारण ज्या पेट्रोलचा ऑक्टेनचा आकडा मोठा, त्यात दम जास्त, हे आपण गृहीत धरलेलं असतं. मुळात हा आकडा दम मोजतच नाही. सिलिंडरातला दाब आणि उष्णता सोसत, वेळेआधी पेट न घेता थांबायची पेट्रोलची जी सोशिकता, तेवढीच तो सांगतो. सोशिकतेचा आकडा ताकदीचा म्हणून डोक्यात कसा बसला, याचा माग काढला तर दोष गिऱ्हाइकाच्या अडाणीपणाकडे जात नाही. हे पेट्रोल शंभर वर्षं ज्या तऱ्हेनं विकलं गेलं, तिच्याकडे जातो.

वेळेआधी पेट घेतल्याने इंजिनात होते ती टकटक म्हणजे काय, ते आधी पाहू. प्लगची ठिणगी पडली की ज्योत तिथून चहूकडे पसरत जाते. ती कडेला पोचेपर्यंत तिथलं उरलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं, आणि सोशिक नसेल तर ज्योतीची वाट न पाहता आपणहून एकदम पेटतं. दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतीवर आदळते आणि छिन्नीवर हलक्या हातोडीने ठोकावं तसा आवाज येतो. झडपा हलवणाऱ्या टॅपेटचा आवाज गाडी उभी असतानाही चालूच असतो. ही टकटक मात्र चढावर, वरच्या गिअरमध्ये, थ्रॉटल पिळला की येते. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात तिचं खापर भलत्याच गोष्टीवर फुटलं. अमेरिकेत १९१२च्या कॅडिलॅकला चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा स्टार्टर आणि बॅटरीवरचं इग्निशन बसवलं, आणि इंजिनं ठोकू लागली ती या नव्या इग्निशनमुळेच, असा आरोप झाला. केटरिंग यांनी तपासाचं काम थॉमस मिजली या तरुण इंजिनिअरकडे दिलं. दोष ठिणगीत नसून इंधनात आहे, हे त्यांच्या प्रयोगांतून दिसलं. इंग्लंडमध्ये इंजिनिअर हॅरी रिकार्डो हेही आपल्या वाटेने त्याच निष्कर्षाला आले होते.

मग इंधनात काय घालावं याचा शोध सुरू झाला. आयोडीन चाललं, पण परवडेना. ९ डिसेंबर १९२१ रोजी केटरिंग यांच्या डेटनच्या प्रयोगशाळेत टेट्राइथाइल लेड हे शिशाचं संयुग चाचणीच्या इंजिनात घातलं आणि टकटक थांबली. फेब्रुवारी १९२३मध्ये त्याच शहरात ते पंपावर आलं. नाव ठेवलं ‘इथाइल’; शिशाचा त्यात उल्लेखही नव्हता. ऑक्टोबर १९२४मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात ते बनवणारे पाच कामगार भ्रम होऊन, तडफडून मेले. पुढे जवळपास वर्षभर विक्री थांबली, चौकशी झाली, आणि विक्री पुन्हा सुरू झाली. त्या काळी दुसरा उपायच नव्हता, असा बचाव यावर केला जातो. तो मला पटत नाही. अल्कोहोलने टकटक थांबते हे केटरिंग आणि मिजली दोघांनाही ठाऊक होतं, आणि फ्रान्सने तर १९२३मध्ये पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळायचा कायदाच केला होता. या बचावात खरं आहे ते एवढंच की शिसं गॅलनला जेमतेम तीन घनसेंटिमीटर पुरायचं आणि अल्कोहोल त्याच्या कित्येक पट लागायचं. शिवाय शिशाच्या संयुगाच्या या वापराचं पेटंट घेता येत होतं. शेतातल्या धान्यापासून कुणीही गाळू शकेल अशा अल्कोहोलवर मक्तेदारी कशी सांगणार? तेव्हा निवड झाली ती हिशेबाने. पंपावर वेगळी पाटी आणि वेगळा, चढा भाव आला. महाग ते उत्तम, ही सवय तिथून लागली.

आकडा यानंतर आला. पंपावर इथाइल विकलं जात असताना त्याची सोशिकता मोजायला एकमताचं माप नव्हतं. ते १९२६-२७च्या सुमारास ग्रॅहम एडगर यांनी दिलं. फार सोसणारं आयसोऑक्टेन म्हणजे शंभर, अजिबात न सोसणारं हेप्टेन म्हणजे शून्य. गंमत अशी की हे शुद्ध हेप्टेन कॅलिफोर्नियाकडच्या जेफ्री पाइन झाडाच्या राळेतून मिळत होतं. टर्पेंटाइन काढायला बसलेल्यांच्या भट्ट्या या राळेमुळे पूर्वी उडाल्या होत्या. चाचणीचं इंजिन एका सिलिंडरचं. ते ६०० फेऱ्यांवर चालू असतानाच त्याचं कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबायचं ते, कमीजास्त करता येतं. टकटक ठरावीक पातळीला आणायची आणि तेवढीच टकटक आयसोऑक्टेन व हेप्टेनच्या कोणत्या मिश्रणाने येते ते पाहायचं. पंपावरचं ‘९१’ म्हणजे ते पेट्रोल ९१ टक्के आयसोऑक्टेन आणि ९ टक्के हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागतं. या सगळ्या मोजणीत ताकद कुठेच येत नाही. अमेरिकेतल्या पंपावर ८७ दिसतं म्हणून तिथलं पेट्रोल हलकं, हेही खरं नाही. तिथे या चाचणीची आणि आणखी एका चाचणीची सरासरी लिहितात, आणि तिथलं ८७ साधारण आपल्या मापाने ९१च्या बरोबरीचं असतं.

यावर जाणकाराचा आक्षेप ठरलेला आहे: मग १९४०मध्ये ब्रिटिश लढाऊ विमानांना १०० ऑक्टेनने फायदा कसा झाला? झाला, आणि चांगला घसघशीत झाला. पण ८७च्या जागी १०० भरल्यावर त्या विमानांच्या मर्लिन इंजिनाचा बूस्ट, म्हणजे आत ढकललेल्या हवेचा जादा दाब, सव्वासहा पौंडांवरून बारा पौंडांपर्यंत नेण्याची परवानगी मिळाली, म्हणून झाला. सोशिक इंधनाने जागा करून दिली आणि इंजिनाने ती वापरली. बूस्ट होता तिथेच ठेवला असता तर शंभराच्या पेट्रोलने वेगळं काही दिलं नसतं. मोटरसायकलचं गणित हेच आहे. जुन्या ओतीव लोखंडी बुलेटचं कॉम्प्रेशन साडेसहाच्या आसपास होतं, आजच्या क्लासिक ३५०चं साडेनऊ आहे. कॉम्प्रेशन वाढवून टकटक टाळायची तर इंधन बदलण्याखेरीजही वाटा आहेत. बजाजने पुण्यात बनवलेल्या पल्सरला २००३मध्ये एकाऐवजी दोन प्लग दिले. दोन्हीकडून ज्योत निघाली की कडेच्या मिश्रणाला आपणहून पेटायला वेळच उरत नाही. ज्या गाडीत टकटक ऐकून ठिणगीचं टायमिंग मागे घेणारा सेन्सर असतो, तिथे जास्त ऑक्टेनचा थोडा उपयोग दिसू शकतो, हे मान्य करायला हवं. पण रोजच्या वापरातल्या लहान गाड्यांत असा सेन्सर सहसा नसतो.

आपल्याकडे १ फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं आणि पुढे किमान आकडा ९१ झाला. पण महाराष्ट्रातल्या कित्येक इंजिनांची टकटक कागदावरच्या आकड्याला विचारत नव्हती, कारण पेट्रोलमध्ये रॉकेल होतं. रॉकेलची सोशिकता अगदीच कमी, आणि रेशनच्या स्वस्त रॉकेलमुळे भेसळीचा धंदा तेजीत. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळलं. याच मनमाडला आणि मिरजेला २००१मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे देशातले पहिले प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले होते. डेटनमध्ये बाजूला पडलेलं अल्कोहोल इथे साखर कारखान्यांच्या मळीतून पेट्रोलमध्ये आलं. आज वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल ९५च्या आसपास सोसतं, म्हणजे शिशाशिवायही आकडा वाढतो, हे सिद्ध झालं. मात्र ‘९५ झालं, आता ॲव्हरेज वाढेल’ ही अपेक्षा म्हणजे तीच जुनी चूक. लिटरमागे इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच आहे. निती आयोगाच्या २०२१च्या अहवालाने जुन्या धाटणीच्या दुचाकींचं ॲव्हरेज ३-४ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. आकडा वर गेला आणि ॲव्हरेज खाली आलं. ऑक्टेन आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचा याहून उघड पुरावा पंपावर दुसरा मिळायचा नाही. गाडीचं जुनं रबर आणि पाइप इथेनॉलला टिकतील का, ही शंका रास्त आहे, पण तिचा टकटकीशी संबंध नाही.

तेव्हा गाडीबरोबर आलेली पुस्तिका उघडून आकडा बघा. तिथे ९१ असेल तर साधं पुरे. जास्तीचे पैसे टाकीत जातील, चाकापर्यंत पोचणार नाहीत. पंपावरच्या साध्याहून मोठा आकडा लिहिला असेल तर मात्र काटकसर करू नका. आणि चढावर टकटक आलीच, तर आधी एक गिअर उतरवून बघा, पंप बदलायचा तो त्यानंतर.