डॉ. रखमाबाई : खटल्यानंतरची गोष्ट

डॉ. रखमाबाईंचे नाव आपण ऐकले असेल ते बहुधा त्यांच्या खटल्यामुळे. अकराव्या वर्षी झालेला विवाह, सासरी जाण्यास नकार, 1884 मध्ये पतीने मुंबईच्या हायकोर्टात लावलेला दावा आणि 1887 चा तो निकाल: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई तुरुंगात जाण्यास तयार झाल्या. हा प्रसंग गाजला व तो गाजावा असाच होता. परंतु शिक्षक या नात्याने मला त्यापुढील सात-आठ वर्षे अधिक मोलाची वाटतात.

1888 मध्ये तडजोड होऊन प्रकरण मिटले तेव्हा त्या सुमारे चोवीस वर्षांच्या होत्या. शालेय शिक्षण अपुरे. जे शिकल्या ते बरेचसे घरीच, पुस्तके मिळवून. मग डॉक्टर होण्याचे त्यांच्या मनाने कसे घेतले? त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे मुंबईतील नामांकित डॉक्टर होते. म्हणजे हा व्यवसाय त्यांनी घरात पाहिलेला होता. शिवाय 1886 मध्ये मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झाले. तेथे रुग्ण स्त्रिया आणि त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरही स्त्रियाच! तेथील प्रमुख डॉ. एडिथ पीची यांनी रखमाबाईंना उत्तेजन दिले. हितचिंतकांनी पैसा उभा केला. 1889 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, स्त्रियांसाठी असलेल्या लंडनच्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या, रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्ष अनुभव घेतला आणि 1894 मध्ये डॉक्टर झाल्या.

पाहिलेला व्यवसाय, माहितगार मार्गदर्शक, पैशाची सोय, योग्य विद्यालय. यांतले एक जरी नसते तरी नुसत्या धैर्यावर ही मजल गाठता आली असती असे मला वाटत नाही. मायदेशी परतल्यावर त्या सुरतेच्या स्त्रियांच्या इस्पितळात रुजू झाल्या. पुढे राजकोटच्या जनाना इस्पितळात काम करून 1929 च्या सुमारास निवृत्त झाल्या. पुरुष डॉक्टरपुढे ज्या बायका येतच नसत, त्यांच्यासाठी हे आयुष्य खर्ची पडले.

हे सर्व आठवण्याचे कारण माझ्या वर्गातील एक मुलगी. दहावीला चांगले गुण मिळाले, नर्स व्हायचे म्हणाली. तिचे अब्बा शाळेत येऊन मला म्हणाले, "सर, रात्रपाळीला पोरीला कशी पाठवू?" प्रश्न बापाचा होता, रास्त होता. मी मात्र "विचार करा" एवढेच म्हणालो. वसतिगृह असते का, पाळ्या कशा लागतात, शिक्षण किती वर्षांचे, यातले मला काहीच ठाऊक नव्हते. मुलीचे नाव कला शाखेत घातले गेले. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीस जीवशास्त्र लागते, हे तिला सांगण्याचे काम माझेच होते. (वर्गात विचारले की "डॉक्टर" म्हणून वीस हात वर होतात, औषधनिर्माता किंवा प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ म्हणून एकही नाही. त्यांना सांगितलेच कोणी?)

पुढल्या वर्षी तिच्या अम्मीला बाळंतपणासाठी इस्पितळात नेले. अब्बांनी दारातच विचारले, "लेडी डॉक्टर आहे ना?" होती. रात्रभर उशाशी बसलेली नर्सही बाईच होती, आमच्याच तालुक्यातली. सकाळी अब्बांनी तिलाच विचारले की, तुम्ही कोठे शिकलात, राहण्याची सोय काय होती, घरचे काय म्हणाले.

त्यानंतर ते पुन्हा शाळेत आले. कला शाखेतूनही प्रवेश मिळू शकेल असा तीन वर्षांचा जी.एन.एम. अभ्यासक्रम आहे, हे या खेपेस मी आधीच विचारून ठेवले होते. आम्ही बाकावर बसून इंग्रजीचे गुण पाहिले, खर्चाचा हिशेब मांडला. वसतिगृह पाहण्यासाठी कोणत्या दिवशी जायचे तेवढे ठरवायचे राहिले आहे. अम्मीलाही बरोबर यायचे आहे.