कौल, भाकणूक आणि पत्ता

संक्रांतीच्या दिवसांत सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते. सात नंदीध्वज होम मैदानावर येतात, बाजरीच्या पेंढीला कुंभारकन्येचं रूप देऊन होम होतो आणि त्या रात्री सगळ्यांचे डोळे एका वासराकडे लागतात. मानकरी देशमुखांचं हे वासरू दिवसभर उपाशी ठेवलेलं असतं. पूजा करून त्याच्यापुढे धान्य, गूळ, खोबरं, बोरं, गाजर, पान-सुपारी मांडतात. ते कशाला तोंड लावतं, बुजतं की शांत राहतं, मूत्र टाकतं की नाही, हे पाहून यात्रेचे मानकरी हिरेहब्बू सांगतात : पाऊस कसा, बाजारभाव कसे, साल कसं. ही भाकणूक.

आता दुसरं चित्र. जत्रेच्या कडेला चवाळ्यावर पिंजरा, पुढे पाकिटांची रांग. पोपट बाहेर येतो, चोचीनं एक पाकीट ओढतो, दाणा खाऊन परत आत जातो. मालक आतला पत्ता उघडून समोरच्याचं लग्न, नोकरी, परदेशगमन सांगतो. हे भविष्य.

दोन्हीकडे मुका जीव निवड करतो आणि माणूस तिचा अर्थ लावतो. तरी मराठीनं दोघांना एक नाव दिलेलं नाही, आणि या वेगळेपणात मला मोठं शहाणपण दिसतं.

भाक म्हणजे दिलेला शब्द. करुणा भाकणं म्हणजे कळवळून बोलणं. भाकीत आणि भाकणूक याच कुळातली. बोलणारा चारचौघांत बोलतो आणि गाव ते लक्षात ठेवतं. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत फरांडेबाबांची भाकणूक होते, तीही हजारोंच्या समोर. एकट्या माणसाचं नशीब तिथं कुणी विचारत नाही. विषय सगळ्यांच्या पावसापाण्याचा असतो.

कौल हा शब्द अरबीतून आला. मूळ अर्थ वचन, बोल. दख्खनच्या कारभारात उजाड गाव पुन्हा वसवायचं झालं की रयतेला सवलतीचा, अभयाचा कौल दिला जाई. तोच शब्द देवळात गेला. मूर्तीला फुलं किंवा तांदूळ चिकटवायचे, प्रश्न सांगायचा आणि उजवीकडचं पडतं की डावीकडचं ते पाहायचं. प्रश्न असतो तो पुढच्या पावलाचा : सोयरीक करू का, विहीर खणू का? पुढे काय होणार याची गोष्ट कौल सांगत नाही. आज निवडणुकीतही आपण मतदारांचा कौल म्हणतो, तो याच अर्थानं.

शकुनाचं मूळ मात्र पंखांत आहे. संस्कृतात शकुन म्हणजे पक्षी. पहाटे दारी येणारा पिंगळा जोशी ज्या पाखराची भाषा जाणतो म्हणतात, ते पिंगळा नावाचं छोटं घुबड. पोपटवाल्यानं या जुन्या पक्षिशकुनाला कागदी पत्त्यांची जोड दिली. वन्यजीव संरक्षण कायद्यानं देशी पोपट पिंजऱ्यात ठेवायला मनाई आहे, म्हणून आता हे दृश्य विरळ झालं. ते योग्यच झालं. त्या पाखरानं आपल्या नशिबाचा भार का वाहावा?

पत्ते मुळात खेळायचे. बाबरानं 1527 मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा म्हणजे पत्ते पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात 120 गोल पत्ते, आणि तोही खेळच. आज भविष्यासाठी ओळखला जाणारा टॅरो हा पत्त्यांचा प्रकारही पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळ म्हणूनच जन्मला. 1781 मध्ये फ्रान्सच्या कूर द जेबलॅंनं त्यात प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान असल्याचा दावा केला. त्याला आधार नव्हता, पण कल्पना लोकांच्या मनात बसली. तिथल्याच एतेयानं पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचा व्यवसाय मांडला. 1909 मध्ये लंडनला गूढविद्येचे अभ्यासक वेट यांच्या कल्पनेवरून चित्रकार पामेला कोलमन स्मिथनं 78 पत्ते चितारले आणि आज बहुतेकांना माहीत असलेला जोड तयार झाला.

टॅरो वाचणाऱ्यांमध्येही दोन वाटा आहेत. काहीजण पत्त्यावरून पुढची घटना सांगतात. काहीजण पत्ता आरशासारखा धरतात : तुला भीती कशाची आहे, तुझ्या हातात काय आहे? मराठीत मात्र दोन्हींवर भविष्य अशी एकच पाटी लागते. पहिल्या वाटेला ती शोभते. दुसरीसाठी आपल्याकडे आधीपासून शब्द आहे : कौल.

वासराला पावसाचं कळतं असं मी म्हणणार नाही, आणि पत्त्यालाही कुणाचं लग्न कळत नाही. पण विचारण्याच्या रीतीनं माणूस बदलतो. ‘माझं काय होणार?’ असं विचारणारा हात जोडून बसतो. ‘मी काय करू?’ असं विचारणाऱ्याला उठावं लागतं. उजाड गावाला कौल मिळाला, तरी गाव वसे ते कुळानं औताला बैल जुंपल्यावरच.