नाव एक, माणसं दोन

आज : तहसील कचेरी, भोर

तुम्ही भोरच्या तहसील कचेरीत अभिलेख कक्षाच्या दारात उभे आहात. पिशवीत सातबारा, वारसांचे जुने फेरफार आणि चुलत्यांनी वहीच्या पानावर काढून दिलेली वंशावळ. 2023 च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध आधी मराठवाड्यात आणि मग राज्यभर सुरू झाला. तेव्हापासून असे कागद घेऊन दारात उभी राहिलेली माणसं मावळात रोज दिसतात. तुमची अडचण वेगळी आहे. वहीतल्या पानाप्रमाणे तुमचा एक पूर्वज सव्वाशे वर्षं जगला.

तो जगलेला नाही. तिथे दोन माणसांचा एक माणूस झालेला आहे. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत. त्यामुळे मोडी कागदात अमुक बिन तमुक बिन अमुक बिन तमुक अशी साखळी चालते. नाव तेच, बापाचं नाव तेच, गाव आणि आडनावही तेच. नक्कल करणाऱ्याची एक ओळ सुटते, आजोबा आणि नातू एक होतात आणि मधला बाप कायमचा नाहीसा होतो.

कारकून कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, पुढे सरकवतो. जन्माच्या रकान्यात बापाचं नाव आहे, जात आहे, तारीख आहे. बाळाच्या जागी फक्त ‘मुलगा’. बारसं नंतर झालं. नाव लिहायला परत कोण जातंय? त्या बापाला तीन मुलगे असतील, तर हा त्यातला कोणता?

नाव हा पुरावा नव्हे, एवढी एक गोष्ट मनाशी पक्की धरा. माणूस ओळखायचा तो कोणत्या वर्षी, कोणत्या गावी, कोणत्या तक्षिमेवर (वाट्यावर) आणि कोणाच्या शेजारी उभा होता यावरून. ते पाहायला मागे जावं लागेल.

1930 : संस्थानातली गावं

पहिल्याच पायरीवर तुमचं गाव हरवतं. तुम्ही वेल्हे तालुका शोधताय, आणि भोर संस्थानच्या दप्तरात तो नाहीच. संस्थानचे पाच तालुके आहेत, पवनमावळ सोडला तर सगळे किल्ल्यांच्या नावांचे: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड. विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा. तोरण्याच्या पायथ्याचं तुमचं घर कागदावर ‘तालुका प्रचंडगड’ असं बसलेलं आहे.

इथे एक सापळा आहे. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे. पण संस्थानी कागदातला ‘तालुका राजगड’ हा वेगळा तालुका. त्याच्या शेजारी प्रचंडगड स्वतंत्र उभा होता. आजचा राजगड डोळ्यांपुढे ठेवून 1930 चा कागद वाचलात, तर दुसऱ्याच गावचा, दुसऱ्याच घरचा, पण तुमच्याच आडनावाचा माणूस तुमचा पणजोबा होऊन बसेल.

भाटघरचं मोठं धरण नुकतंच पुरं झालंय. वेळवंडीच्या खोऱ्यातली जमीन पाण्याखाली गेली तशी माणसं वर सरकली, काही दूर गेली. एकच कुटुंब जुन्या कागदात एका गावचं आणि नव्या कागदात दुसऱ्या गावचं दिसतं. वरची चूक दोघांना एक करते, ही चूक एकाचे दोन करते. म्हणून माणसाबरोबर गावाचीही वंशावळ काढा: कधी कोणत्या तालुक्यात होतं, कधी हललं, कुणाच्या अमलात होतं.

8 मार्च 1948 ला संस्थान विलीन होईल. त्याच्या अलीकडचे कागद एका राज्याचे, पलीकडचे दुसऱ्या. शोधाच्या खिडक्याही दोन.

1916 : कारीच्या वाड्यातला कागद

रायरेश्वराच्या पायथ्याशी कारी गाव. इथल्या जेधे देशमुखांच्या घरातून निघालेला कागद लोकमान्य टिळकांच्या हाती गेला होता. यंदा तो ‘जेधे शकावली’ म्हणून भारत इतिहास संशोधक मंडळाच्या चतुर्थ संमेलन वृत्तात छापला जातो आहे. 1618 ते 1697 या काळातल्या घटना त्यात तिथीवार नोंदल्या आहेत. शिवाजी महाराजांची जन्मतिथी, शके 1551 ची फाल्गुन वद्य तृतीया, तीत सापडली. पुढे महाराष्ट्र सरकारने मानलेली 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख याच मावळातल्या एका घरच्या नोंदीवर उभी राहिली.

आपल्या घरी कसले कागद, असं तुम्ही मनात म्हणत असाल, तर माळ्यावरचा रुमाल सोडा. वाटणीपत्र असेल, गहाणखत असेल, लग्नातल्या आहेराची यादीही असेल. आहेराच्या यादीत मामा कोण, व्याही कोण, हे नावागावासह येतं. एका नावाचे दोन भाऊबंद वेगळे करायला तेवढंही पुरतं.

1837 : भोरचा वाडा, तिसरे चिमणाजी

आता मोठं घर पाहा. भोर संस्थानच्या धन्यांच्या, म्हणजे पंतसचिवांच्या, गादीवर चिमणाजी बसताहेत. थांबा, 1798 मध्येही चिमणाजीच बसले होते. आणि 1737 मध्येही. शंभर वर्षांत तीन चिमणाजी, आणि त्यांच्या आगेमागे शंकरराव आणि रघुनाथराव यांची ये-जा. कागदावर नुसतं ‘चिमणाजी पंतसचिव’ असेल तर सालाशिवाय एक अक्षरही पुढे सरकू नका.

सनावळी हाती घ्या. सदाशिवराव 1757 ते 1787, त्यांच्यामागून रघुनाथराव 1787 ते 1791. एकाखाली एक नावं पाहिली की बाप-लेक वाटतात. पण पूर्ण नावं वाचा: सदाशिव चिमणाजी, रघुनाथ चिमणाजी. दोघांचा बाप एकच, हे भाऊ. गादीची यादी म्हणजे वंशावळ नव्हे. भावाकडून भावाकडे आलेला अधिकार उभ्या रेषेने जोडला की एक पिढी फुकट वाढते आणि खालच्या सगळ्यांचं नातं चुकतं. तुमच्या घरच्या पाटीलकीच्या यादीतही हेच झालेलं असू शकतं.

दुसरी गाठ दत्तकाची. 1737 मध्ये नारो शंकर सचिव वारले. पोटी मुलगा नव्हता, गादीवर दत्तक चिमणाजी आले. दत्तकविधानात जन्मदाता बाप पाणी सोडतो, त्या क्षणापासून मुलाच्या नावापुढचं बापाचं नाव बदलतं. पुढच्या प्रत्येक कागदात तो नव्या घरचाच. हे खोटं नाही. धर्माने, कायद्याने आणि घरातल्या मायेने तो त्याच घरचा झाला. पण ज्या घरातून तो गेला तिथल्या वंशावळीत ‘निपुत्रिक वारला’ किंवा कोरी जागा उरते, आणि दोनशे वर्षांनी कुणी म्हणतं, हे आपले कोणीच नव्हेत. दत्तक दाखवताना दोन्ही घरं दाखवा. जन्माची रेषा तुटक काढा, दत्तकाची सलग. दोन्ही बाप खरे आहेत.

1747 : नाशिक, गोदाकाठ

भोर सोडून क्षणभर नाशिकला या. गोदावरीच्या काठी रामेश्वराचं देऊळ उभं राहतंय. लोक त्याला नारोशंकराचं देऊळ म्हणतील. ‘नारो शंकर’ हे नाव तुम्ही आत्ताच ऐकलंत. सचिवांनीच बांधलं का?

तारखा समोरासमोर ठेवा. सचिव नारो शंकर 1737 मध्ये वारले, देऊळ 1747 चं. हे नारो शंकर दाणी, राजेबहादूर, झाशीचा सुभा सांभाळणारे सरदार. नाव तेच, बापाचं नाव तेच, काळही एकमेकांना भिडलेला. दोघांना वेगळं करतात तीन गोष्टी: मृत्यूचं साल, आडनाव आणि हुद्दा. गाठ सुटायला एक मिनिट पुरलं, पण ते मिनिट कुणीतरी द्यावं लागतं.

1707 : अंबवडे

पुन्हा भोरजवळ, अंबवड्याला. औरंगजेब वारलाय, शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आलेत. शंकराजी नारायण सचिव ताराबाईंच्या निष्ठेला बांधलेले. समोर थोरल्या महाराजांचा नातू उभा. या पेचात त्यांनी इथेच आपलं जीवन संपवलं. मुलगा नारो शंकर अगदी लहान. शाहूंनी सचिवपद त्याच्याकडे ठेवलं.

आता 1718 चा एखादा कागद उघडा. शंकराजी नावाचे एक मराठा मुत्सद्दी मोगलांच्या सय्यद हुसेन अलीच्या बाजूने तहाची बोलणी करताहेत, आणि ते एकेकाळी राजाराम महाराजांचे सचिव होते असाही उल्लेख आहे. अकरा वर्षांपूर्वी गेलेला माणूस परत आला? नाही. हे शंकराजी मल्हार. दोन शंकराजी, दोघेही राजाराम महाराजांच्या काळचे सचिव. इथे आडनाव मदतीला येत नाही, हुद्दाही नाही. सालाखेरीज बापाचं नाव तेवढं दोघांना वेगळं ठेवतं. एका गाठीला जे उत्तर लागू पडतं ते पुढच्या गाठीला पडेलच असं नाही.

ही अडचण एकट्या मावळाची नव्हे. याच सुमारास समुद्रापलीकडे, न्यू इंग्लंडच्या इंग्रज वसाहतींत, गावात एका नावाचे दोघे असले की वयाने मोठ्याला सीनियर आणि लहानाला ज्युनियर म्हणत. ते बाप-लेक असतीलच असं नव्हतं. काका-पुतणे असत, कधी नात्याचेही नसत. त्यांच्या वंशजांनी दोघांना बाप-लेक ठरवून वृक्ष रचले आणि पुढच्या अभ्यासकांना ते पुन्हा सोडवावे लागले. आपल्या कागदांतले ‘थोरले’ आणि ‘धाकटे’ वाचतानाही हीच सावधगिरी हवी.

1650 : रोहिडखोऱ्यातली गोतसभा

देवळापुढे माणसं बसली आहेत. वतनाचा तंटा आहे. भोर तर्फेचे देशमुख जेधे, उत्रौली तर्फेचे खोपडे, देशपांडे, गावोगावचे पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदार. कोण कुणाचा मुलगा, थोरलं घर कोणतं, वडीलपणाचा मान कुणाचा, हे इथे ठरणार, आणि ठरलेलं महजरात, म्हणजे निवाड्याच्या कागदात, उतरणार. खाली हजर असलेल्यांची नावं आणि निशाण्या येतील. पाटलाच्या नावापुढे नांगर, कारागिरांपुढे त्यांची हत्यारं.

वंशावळ शोधणाऱ्याला निवाड्याइतकीच ही खालची यादी मोलाची. एका नावाचे दोघे एकाच दिवशी एकाच सभेला बसलेले सापडले, तर ते एक माणूस असूच शकत नाहीत.

साल मात्र जपून वाचा. महजरावर सुहूर सन अरबी शब्दांत असेल: इहिदे खमसैन अलफ, म्हणजे 1051, म्हणजे इसवी 1650-51. सन जूनमध्ये, मृगाला पालटतो, म्हणून 599 किंवा 600 मिळवायचे ते महिना पाहून. ‘सबा’ म्हणजे सात, ‘सबैन’ म्हणजे सत्तर. ‘तिसा’ नऊ, ‘तिसैन’ नव्वद. घाईच्या मोडीत एक फराटा चुकला की साठ-ऐंशी वर्षं सरकतात आणि आजोबा नातवाच्या जागी जाऊन बसतो.

आणि याच खोऱ्यांत, याच काळाच्या आसपास तीन बाजी वावरले: मोसे खोऱ्याचे बाजी पासलकर, कान्होजी जेध्यांचे पुत्र बाजी सर्जेराव आणि बांदलांकडचे बाजीप्रभू देशपांडे, जे 1660 मध्ये घोडखिंडीत पडतील. नुसतं ‘बाजी’ लिहिलेला कागद या तिघांपैकी कुणाचा, हे सांगायला आजूबाजूची नावं लागतात.

त्याआधी : कारी ते मोसे खोरं

शेवटचा मुक्काम सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा. जेध्यांचा करीना, म्हणजे घराण्याची लिहिलेली हकीकत, सांगतो की नाईकजी जेध्यांना त्यांच्याच भावांनी मारलं. मागे तान्हा कान्होजी उरला, आणि वतनासाठी त्याचाही जीव घ्यायला माणसं टपलेली होती. घरचा चाकर देवजी महाला त्या बाळाला घेऊन निघाला आणि मोसे खोऱ्यात बाजी पासलकरांच्या आसऱ्याला पोचला. बाळ तिथे वाढलं, पासलकरांची लेक सावित्री त्याला दिली गेली, आणि मोठा होऊन तो आपल्या वतनावर परतला. हेच कान्होजी जेधे, अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी वतनावर पाणी सोडून शिवाजी महाराजांच्या पाठीशी उभे राहिलेले.

देवजीबरोबर चाला. नीरेचं खोरं मागे पडतं, मग वेळवंडी, मग गुंजवणी, मग आंबी, आणि पुढे मोसे. आजच्या भोरमधून आजच्या राजगड तालुक्यात, म्हणजे जुन्या वेल्ह्यात. ते मोसे खोरं आता वरसगावच्या धरणाखाली आहे आणि जलाशयाला वीर बाजी पासलकरांचं नाव आहे. कान्होजी नाईकजींचाच मुलगा, हे त्या वेळी कोणत्या कागदाने सिद्ध केलं असतं? बाळापाशी कागद नव्हता, एक माणूस होता. त्या माणसाचा शब्द पासलकरांनी मानला, आणि सबंध घराणं पुढे चाललं. तान्ह्याला वाटेत कुणीतरी पाजलंही असणार. तिचं नाव कुठे आलेलं नाही.

वंशावळीतली उभी रेष नेहमी बापाकडून मुलाकडे जाते. पण ती रेष खरी आहे हे सांगणारे बहुतेक वेळा त्या रेषेबाहेरचे असतात: सुईण, दाई, चाकर, महजराखाली हत्यार काढणारा सुतार, लेक देणारा व्याही, दत्तक देणारं घर. त्यांना वगळलं की नावं उरतात आणि पुरावा जातो.

म्हणून कचेरीत परत आल्यावर वहीतलं ते पान फाडू नका, दुरुस्त करा. प्रत्येक नावापुढे साल, गाव आणि त्या काळचा तालुका लिहा. आईचं नाव आणि तिचं माहेर लिहा. हे कोणत्या कागदावरून कळलं आणि साक्षीला कोण होतं, तेही लिहा. जिथे दोघे एक झाले असावेत असा संशय आहे तिथे तो संशय शब्दांत नोंदवा. जुळवून घातलेल्या नावापेक्षा प्रामाणिक कोरी जागा पुढच्या पिढीच्या जास्त कामी येते. आणि जेध्यांच्या झाडावर देवजी महाल्याला जशी जागा मिळायला हवी, तशी तुमच्या झाडावर ज्याने कुणी, नात्याचा नसताना, तुमचं मूळ जगवलं त्यालाही द्या. त्याचं नाव सांगू शकणारी माणसं अजून गावात असतील. त्यांना या आठवड्यातच भेटा.