संगणकाच्या रोगांचीं लक्षणें

बारामती म्हटलें म्हणजे जुन्या वाचकास मोरोपंतांची (१७२९–१७९४) आठवण होते. वृत्ताचें नुसतें नांव पाठ करून भागत नाहीं. तें लक्षणावरून ओळखावें लागतें, हें पंतांच्या आर्या वाचणारास ठाऊक असतें. आज त्याच बारामतींत किंवा शेजारच्या इंदापुरांत संगणक-सुरक्षेच्या परीक्षेस बसणाऱ्या तरुणापुढें अशीच एक नामावळी येते: व्हायरस, वर्म, ट्रोजन, रॅन्समवेअर. प्रत्येकाचा जन्मकाळ ध्यानांत घेतला, म्हणजे त्याचें लक्षण आपोआप उलगडतें.

आरंभीं घरगुती संगणक एकमेकांपासून अलग असत. त्यांच्यांतील दुवा तो फ्लॉपीचा. १९८६ सालीं लाहोरच्या दोघां भावांनीं रचलेला ‘ब्रेन’ हा फ्लॉपीच्या बूट सेक्टरांत दडून बसे. संगणक त्या फ्लॉपीवरून सुरू केला, कीं तो स्मृतींत शिरे आणि पुढें घातलेल्या फ्लॉपीवर आपली प्रत ठेवी. दुसरे कित्येक व्हायरस प्रोग्रॅमच्या फाइलीस चिकटत. १९९५ सालचा ‘कॉन्सेप्ट’ तर वर्डच्या दस्तऐवजांतील मॅक्रोंतून पसरला. आश्रय निरनिराळा, पण धर्म एकच: दुसऱ्याच्या खांद्यावर बसून फिरणें.

वर्मास असा खांदा लागत नाहीं. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं अमेरिकेंत रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानें सोडलेला वर्म जाळ्यावरून आपला आपण पसरला, आणि हजारों यंत्रें मंदावलीं. ट्रोजनाची तऱ्हा तिसरी. तो स्वतःच्या प्रती काढीत नाहीं; भिक्षेकऱ्याच्या वेषांत आलेल्या रावणाप्रमाणें साळसूद रूपानें येतो, आणि घरचेंच माणूस त्याच्यासाठीं रेषा ओलांडतें. १९८९ सालीं एड्स रोगाची माहिती देण्याच्या मिषानें टपालानें धाडलेल्या फ्लॉपींनीं संगणकांतील फाइलींचीं नांवें सांकेतिक करून खंडणी मागितली. वेष ट्रोजनाचा, हेतु खंडणीचा. रॅन्समवेअरचा उगम हाच. मे २०१७ मध्यें ‘वॉनाक्राय’नें त्या खंडणीस वर्माच्या वेगाची जोड दिली. एकाच उपद्रवांत दोन जाती नांदूं शकतात, हें परीक्षार्थीनें विसरूं नये.

हा इतिहास परदेशींच घडला असें नाहीं. जून २०१७ मध्यें ‘नॉटपेट्या’मुळें न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलाचें काम अडलें. ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजीं पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेंत मालवेअरच्या साह्यानें शिरून चोरट्यांनीं सुमारें ९४ कोटी रुपये लांबविले. उलट बाजूस, याच पुण्यांत कैलास व संजय काटकर या बंधूंनीं संगणक-दुरुस्तीच्या धंद्यांतून व्हायरस-निवारक उभा केला. ‘क्विक हील’ या नांवानें तो सर्वत्र पोहोंचला.

निदान चुकलें तर उपायहि चुकतो. व्हायरसास परकी फाइल न उघडणें हें पथ्य; वर्म शिरल्यास यंत्र प्रथम जाळ्यापासून तोडावें लागतें, व त्याआधींच सुरक्षा-दुरुस्त्या घातलेल्या असाव्या लागतात. ट्रोजनास सावध बुद्धि, आणि रॅन्समवेअरला निराळी जपून ठेवलेली प्रत, हेच खरे उतारे. बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याच्या उसाचे पैसे आज बँकेच्या खात्यांत जमा होतात. उद्यां त्या बँकेचा संगणक सांभाळणारा तरुण कदाचित् याच परीक्षेस बसलेला असेल. त्यानें नांवें घोकलीं कीं लक्षणें ओळखलीं, यावर त्या घामाच्या पैशाची सुरक्षितता अवलंबून राहील.