कृमिघ्न : एका विशेषणाची परीक्षा

१९०९ साली बडोद्यास भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे साहित्याच्या विद्यार्थ्यांस आज नावापुरतेच ठाऊक असतात. वनस्पतींचे अभ्यासक मात्र त्यांना विसरलेले नाहीत. बामनदास बसू यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला भारतीय औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १९१८ साली, कीर्तिकरांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. अशा ग्रंथांतून आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या निघंटूंतून एक विशेषण पुनःपुन्हा भेटते : कृमिघ्न. चरकाने कृमिघ्न द्रव्यांत वावडिंगाला अग्रस्थान दिले. भावप्रकाशाने पळसाच्या बियांचा, म्हणजे आपल्या पळसपापडीचा, हाच गुण सांगितला.

विशेषण सुटसुटीत आहे, आणि तीच त्याची अडचण आहे. कोणता कृमी? कोणाच्या पोटातला? माणसाविषयी हा प्रश्न केयस आणि म्हसकर यांनी १९२० च्या सुमारास मद्रास इलाख्यातील हुकवर्मच्या पाहणीत जंतांची औषधे तपासून विचारला होता. (कीर्तिकरांच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती सिद्ध करणाऱ्या तिघांत पुढे हे दोघे होते.) गुरामेंढरांविषयी तो विचारण्याची निकड उशिरा भासली. १९६१ मध्ये थायाबेंडाझोल आले, तेव्हा जंतांचा प्रश्न सुटल्यासारखाच वाटला. १९६४ मध्ये त्याला न जुमानणारे जंत मेंढ्यांत आढळल्याची नोंद झाली. नवी औषधे येत राहिली, जंतही त्यांना सरावत गेले. मग संशोधक पुन्हा निघंटूंकडे आणि मेंढपाळांकडे वळले.

मेंढपाळाची साक्ष खोटी नसते, पण ती डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींची असते. कोकराच्या लेंड्यांतून पट्टकृमीचे पांढरे तुकडे पडतात. औषध पाजल्यावर ते दिसले, की औषध लागू पडले असे कोणीही म्हणेल. मेंढीचा खरा वैरी हिमाँकस. तो चौथ्या पोटात रक्त शोषत बसतो, जनावर पांढरे पडते, जबड्याखाली सूज येते. पण तो स्वतः पोट चिरल्यावाचून दिसत नाही. शिवाय चारा सुधारला तरी मेंढी सावरते, आणि श्रेय मुळीला मिळते. म्हणून एका कळपाला औषध द्यायचे, दुसऱ्याला द्यायचे नाही, आणि दोहोंच्या ग्रॅमभर लेंडीत किती अंडी सापडतात ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. साधीच रीत, पण परंपरेला प्रश्न विचारण्याची याहून सभ्य रीत आम्हांस ठाऊक नाही.

निकाल दोन्ही तऱ्हांचे आले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाकिस्तानातील प्रयोगात मेंढ्यांना किलोमागे ३ ग्रॅम पळसपापडीचे चूर्ण दिले, तेव्हा दहाव्या दिवशी अंडी शेकडा ७८.४ ने घटली. लिव्हॅमिझोलने ती शेकडा ९९.१ ने घटवली. ३० किलोच्या मेंढीला हे चूर्ण ९० ग्रॅम लागेल, हेही ध्यानात घ्यावे. उलट केनियातील पशुपालक वावडिंगाच्याच कुळातील दोन झाडे जंतांवर वापरतात. वावडिंगातील एम्बेलिन हे द्रव्य त्यांतही असते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील चाचण्यांत हिमाँकसवर त्यांचा उपयोग दिसला नाही.

यावरून चरक चुकला म्हणणे हा उतावळेपणा होईल. तो माणसाच्या कृमींविषयी बोलत होता. मेंढीच्या पहिल्या पोटातील जिवाणू औषध पुढे पोचण्याआधीच त्याचे रूप पालटू शकतात. पण ‘ग्रंथात आहे’ एवढ्या आधारावर वावडिंगाची पुडी मेंढपाळाच्या हाती ठेवणे आम्हांस अधिक आक्षेपार्ह वाटते. त्यात मरते ते त्याचे जनावर.